चार राऊंड खिशात, एक मिनिट पन्नास सेकंद बाकी: चेल सोनेनने हातची मॅच कशी घालवली

७ ऑगस्ट २०१०, कॅलिफोर्नियातलं ओकलंड, ओरॅकल अरीना, यूएफसी ११७ (यूएफसी म्हणजे एमएमएच्या, मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, फाईट्स भरवणारी अमेरिकन कंपनी; ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं). मिडलवेटची टायटल फाईट, म्हणजे १८५ पाउंड, आपल्या हिशोबात ८४ किलोच्या आसपास. टायटलची म्हणून पाच-पाच मिनिटांचे पाच राऊंड. त्यातले चार झालेत आणि तिन्ही जजच्या कार्डवर चारही चेल सोनेनचे. पाचव्यातही तोच वर बसून मारतोय. खाली पडलाय अँडरसन सिल्वा, २००६ पासूनचा चॅम्पियन, ज्याला तोवर यूएफसीत कोणीही हरवलेलं नव्हतं. अजून १ मिनिट ५० सेकंद असंच बसून काढले की बेल्ट सोनेनचा. आणि तेवढ्यात सिल्वाचे पाय वर येतात, मानेभोवती कात्री बसते, हात ताणला जातो, सोनेन थापटतो, म्हणजे हार मानून हाताने टॅप करतो, खेळ खल्लास.

ही मॅच सांगताना लोक नेहमी 'चमत्कार' हा शब्द वापरतात, सिल्वाने कसं हरलेलं सगळं फिरवलं वगैरे. सिल्वा भारी होताच, त्यात वादच नाही. पण मी ही मॅच किती वेळा पाहिली असेल देव जाणे आणि दर वेळी माझं मत अजून पक्कं होतं की यात नशिबाचा भाग फार थोडा होता. सोनेन ज्या खड्ड्यात पडला तो त्याच्या ओळखीचा होता, आधी चार-पाच वेळा तो त्यात पडून आलेला होता, आणि तरी त्या शेवटच्या दोन मिनिटांत तो बरोब्बर त्याच्या काठावर बसून ठोसे मारत होता.

आधी माणूस कोण ते बघू. सोनेन अमेरिकेतल्या ओरेगनचा, तिथल्याच युनिव्हर्सिटीकडून कुस्ती खेळलेला, ग्रीको-रोमनही केलेली. एमएमएमधला त्याचा खेळ एका ओळीत सांगता येतो: पट काढायचा, म्हणजे पाय धरून खाली पाडायचं, वर बसायचं आणि मारत राहायचं. एकेक ठोसा काही फार जोरदार नसायचा, पण थांबायचाच नाही, पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस पडतो ना तसं, टपटपटपटप. २००९ मध्ये युशिन ओकामीला आणि २०१० च्या फेब्रुवारीत नेट मार्क्वार्टला त्याने असंच पंधरा मिनिटं चेपून गुणांवर हरवलं आणि टायटलचा चान्स मिळवला. आणि तोंड! फाईटच्या आधीचे काही महिने हा माणूस सिल्वाबद्दल इतकं काही बोलला की विचारू नका. सिल्वाला नोगेरा बंधूंकडून जिउ-जित्सूचा (जमिनीवर पकड लावून गळा आवळायचा, सांधे ताणायचा खेळ) ब्लॅक बेल्ट मिळालेला, तर त्यावर हा म्हणाला की तो बेल्ट म्हणजे हॅपी मीलबरोबर फुकट मिळणारं खेळणं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण शेवटी त्याच खेळण्याने घात केला.

फाईट सुरू झाली आणि पहिल्याच राऊंडमध्ये उभ्या मारामारीत सोनेनच्या डाव्या हाताने सिल्वा हलला. उभ्याने सिल्वाला हलवणं ही तेव्हा बातमीच होती, लोक त्याच्या जवळ जायला घाबरायचे. मग पट, मग खाली, मग टपटप. दुसरा राऊंड तसाच, तिसरा तसाच, चौथा तसाच. सिल्वा पाठीवर पडून मनगटं धरायचा प्रयत्न करतोय, खालून कोपर मारतोय, पण मार खातोय. आधीच्या सगळ्या यूएफसी फाईट्स मिळून त्याने जेवढे फटके खाल्ले नसतील त्याहून जास्त त्या एका रात्री खाल्ले. नंतर त्याने सांगितलं की बरगडी आधीच दुखावलेली होती. असेल. पण चार राऊंड तो हरत होता हे खरंच आहे.

आता मुद्द्याचं. ज्यांनी आखाडा पाहिलाय पण जिउ-जित्सू नाही, त्यांना इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की विषय संपला, चितपट, वाजवा हलगी. खाली असणं म्हणजे हरणं आणि वर असणं म्हणजे जिंकणं, हे पैलवानाच्या हाडात मुरलेलं असतं, मग तो खासबागचा असो नाहीतर ओरेगनचा. जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला माणूस अजून पूर्ण खेळात असतो, त्याचे दोन पाय तुमच्या कमरेभोवती असतात, त्याला गार्ड म्हणतात, आणि त्या दोन पायांच्या मधे तुम्ही जोवर आहात तोवर तुम्ही वर असलात तरी त्याच्या घरात बसलेले असता. जजेस मार्क तुम्हाला देतात, पण दरवाज्याची किल्ली त्याच्याकडे असते.

मी स्वतः पुण्यात हौस म्हणून जिउ-जित्सू शिकतो, फार काही येत नाही. आमच्या क्लासला सांगलीकडचा एक पोरगा आला होता, तालमीत वाढलेला, मान अशी की डोकं कुठे संपतं आणि खांदा कुठे सुरू होतो कळायचं नाही. पहिल्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना एकेक करून उचलून आपटलं. आणि आपटल्यावर प्रत्येक वेळी पंचावन्न किलोचा एक कॉलेजचा मुलगा खालून त्याला ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या कात्रीत, अडकवायचा. तिसऱ्या वेळी अडकल्यावर लालबुंद होऊन उठला आणि सरांना म्हणाला, "पण सर, मी तर वर हुतो की!" सर हसले आणि म्हणाले, "हो रे, वर होतास. पण एक हात आत होता आणि एक बाहेर."

ट्रँगलचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. स्वतःवर करून बघा, आत्ता, बसल्या जागी. उजवा हात सरळ पुढे करा आणि तसाच छातीसमोरून डावीकडे न्या, दंड हनुवटीखाली येईपर्यंत. तुमचाच खांदा मानेच्या उजव्या बाजूला दाबतोय असं जाणवेल. आता कल्पना करा की मानेच्या डाव्या बाजूला समोरच्याची मांडी आहे आणि तो मागून पायाची गाठ मारून आवळतोय. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या बंद, एक बाजू त्याच्या मांडीने आणि दुसरी तुमच्याच खांद्याने. नीट बसला तर काही सेकंदांत डोळ्यापुढे अंधार. आणि मधे अडकलेला तो हात आयताच त्याच्या छातीवर ताणलेला असतो, कोपर उलटं मोडायला तयार, म्हणजे गळ्यातून वाचायला गेलात तर हात जातो. सिल्वाने सोनेनला हेच दोन्ही एकत्र लावलं, गळ्याला ट्रँगल आणि हाताला आर्मबार, म्हणून ट्रँगल आर्मबार.

हे टाळायचं कसं, तर कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. दोन्ही हात आत नाहीतर दोन्ही बाहेर, एक आत एक बाहेर कधीच नाही. कोपरं आपल्या बरगड्यांजवळ. डोकं वर, पाठ सरळ. मनगट पकडलं गेलं तर आधी ते सोडव, मारायचं नंतर. बस. यात काही रॉकेट सायन्स नाही.

आणि सोनेनला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, कारण त्याची हरलेली यादी बघा. २००३ फॉरेस्ट ग्रिफिन, ट्रँगल. २००५ बाबालू सोब्राल, ट्रँगल. २००६ जेरेमी हॉर्न, आर्मबार. २००७ च्या डिसेंबरमध्ये पाउलो फिल्यो, आर्मबार. २००९ च्या फेब्रुवारीत लंडनला डेमियन माया, परत ट्रँगल. एखादा फलंदाज सात वर्षं ऑफस्टंपबाहेरच्या त्याच बॉलला कट मारायला जाऊन स्लिपमध्ये आऊट होत असेल तर गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल की बाबा तो बॉल सोड. फिल्योच्या फाईटमध्ये तर सोनेन ओरडला म्हणून रेफरीने थांबवली आणि हा नंतर म्हणत राहिला मी टॅप केलंच नाही. ओकलंडलाही शेवटी थापटलं की नाही थापटलं असा क्षणभर गोंधळ झालाच, सवय जात नाही राव.

आणि समोरच्याचीही कुंडली उघडी होती. २००७ मध्ये ट्रॅव्हिस लटर नावाच्या जिउ-जित्सूवाल्याने सिल्वाला खाली पाडलं, पहिला राऊंड घेतला, वर बसला, आणि दुसऱ्यात सिल्वाने त्याला खालून ट्रँगलमध्ये पकडून वरून डोक्यावर कोपरं मारली, लटरने टॅप केलं. २००८ मध्ये डॅन हेंडरसन, म्हणजे सोनेनच्याच टीम क्वेस्ट या तालमीचा माणूस, त्यानेही पाडलं, पहिला राऊंड घेतला, दुसऱ्यात सिल्वाने गळा आवळून संपवला. म्हणजे 'सिल्वाला पाडता येतं' हे जेवढं सगळ्यांना माहीत होतं तेवढंच 'पाडल्यावर तो संपत नाही' हेही माहीत होतं. सोनेनच्या कॅम्पने पहिल्या अर्ध्याचा अभ्यास जबरदस्त केला. दुसऱ्या अर्ध्याचा केला असेल तर तो पाचव्या राऊंडमध्ये दिसला नाही.

तर परत त्या घड्याळाकडे येऊ. पाचवा राऊंड, तीन मिनिटं होत आलीत. हिशोब काय आहे? चार राऊंड जिंकलेत. पाचवा १०-८ ने, म्हणजे नेहमीच्या १०-९ पेक्षा मोठ्या फरकाने, हरला तरी मॅच सोनेनचीच. सिल्वाकडे फिनिश, म्हणजे वेळेआधी फाईट संपवणं, सोडून दुसरा मार्गच नाही, आणि फिनिश दोनच ठिकाणी होऊ शकतो, उभ्याने नॉकआऊट किंवा खालून सबमिशन, म्हणजे पकड लावून थापटायला लावणं. अशा वेळी सोनेनने स्वतःला विचारायला हवं होतं की माझा पुढचा ठोसा मला काय देतो. काहीच देत नाही! जे मिळायचं ते सगळं आधीच मिळालंय. उलट प्रत्येक ठोसा मारताना एक हात सुटतो, वजन पुढे जातं, डोकं खाली जातं, म्हणजे प्रत्येक ठोसा म्हणजे समोरच्याला काढून दिलेलं एक लॉटरीचं तिकीट. आणि तो ती तिकिटं चार राऊंड वाटत होता, शेवटच्या दोन मिनिटांतही त्याच स्पीडने वाटत राहिला.

काय करता आलं असतं? सगळ्यात साधं म्हणजे मारणं बंद करून चिकटून राहायचं. डोकं सिल्वाच्या हनुवटीखाली रुतवायचं, दोन्ही हात त्याच्या काखेखालून नाहीतर कमरेला, कोपरं मिटलेली, आणि नुसतं वजन टाकायचं. पब्लिक हूटिंग करेल, करू दे. रेफरी म्हणेल काहीतरी करा, मग दोन-तीन नावापुरते फटके बरगडीत. फार झालं तर रेफरी दोघांना उभं करेल, म्हणजे वीसेक सेकंद गेलेच, मग परत पट काढायचा, जो रात्रभर निघत होता. दुसरा मार्ग, सिल्वाला ढकलत पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत नेऊन डोकं जाळीला चेपायचं, म्हणजे त्याला कंबर तिरकी करायला जागाच उरत नाही, आणि कंबर तिरकी झाल्याशिवाय ट्रँगल नीट लागत नाही. तिसरा मार्ग, सरळ उठून मागे सरकायचं, पण तो मलाही पटत नाही, सिल्वासमोर तेविसाव्या मिनिटाला दमलेल्या पायांनी उभं राहायचं म्हणजे जरा जास्तच धाडस. पण पहिले दोन तर त्याच्या रोजच्या कामातले होते, कुस्तीगिराला चिकटून बसायला कोण शिकवणार?

इथे लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, की सोफ्यावर बसून बोलणं सोपं असतं. तेवीस मिनिटं सलग मारल्यावर हाताचं पीठ होतं, पाठ सरळ ठेवायचं त्राण राहत नाही, डोकं आपोआप खाली जातं. हे मान्य. पाच मिनिटांच्या एका राऊंडनंतर माझी काय अवस्था होते ते मला माहितीय, चटईवरून उठून पाण्याची बाटली उघडायची तरी हात थरथरतात. पण म्हणूनच तर मारणं बंद करायचं ना! दमलेल्या माणसाने चिकटावं, मारू नये. दमणं हे माझ्या मते कारणच नाही, ते उलट प्लॅन बदलायचं निमित्त होतं.

दुसरं म्हणणं असं की त्याने तेच केलं ज्यामुळे तो जिंकत होता, जिंकणारी गोष्ट का बदलायची. हे जास्त अवघड आहे आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. वीस मिनिटं तो सिल्वाच्या गार्डमध्ये बसून मारत होता आणि काहीही झालं नाही. एक हात आत गेला, काही नाही. डोकं खाली गेलं, काही नाही. मनगट धरलं गेलं, ओढून सोडवलं, काही नाही. वीस मिनिटं काही झालं नाही की डोकं शिकतं की यात धोका नाही. आणि सिल्वा खाली पडून नेमकं उलटं शिकत होता, की हा कुठला हात कधी टेकतो, मारल्यावर किती वेळ परत घेत नाही. दोघंही एकाच शाळेत बसले होते, फक्त धडा वेगळा वाचत होते. शिवाय घामाने अंग ओलं झालं की ट्रँगल सटकतो, उशिराच्या राऊंडमध्ये तो लावणं खरं तर कठीण होतं, तरी त्याने बसवला, त्याचं क्रेडिट त्याला द्यायलाच हवं.

आणि ते तोंड, त्याचाही वाटा असावा असं मला आपलं वाटतं, पुरावा काही नाही. इतके महिने एखाद्याला जगभर नावं ठेवल्यावर शेवटची दोन मिनिटं त्याला नुसतं मिठी मारून बसणं जमेल का? कोचने सांगितलं तरी हात शिवशिवणारच.

फाईटनंतरची गोष्ट वेगळीच. सोनेनच्या टेस्टमध्ये टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण खूप वर निघालं, कॅलिफोर्नियाच्या कमिशनने एक वर्षाची बंदी घातली, डिसेंबरमध्ये सुनावणीनंतर ती सहा महिन्यांवर आली. म्हणजे ती दोन मिनिटं नीट काढली असती तरी पुढे बेल्टचं काय झालं असतं हा प्रश्न राहिलाच असता. पण त्याने डावपेचाची चूक पुसली जात नाही, टेस्टोस्टेरॉनने कोपर बाहेर जात नाही.

रीमॅच व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. ७ जुलै २०१२, लास वेगास, यूएफसी १४८. सुरू झाल्या झाल्या सोनेनने पट काढला, सिल्वा खाली, आणि यावेळी तर तो गार्डमधून निघून पार छातीवर चढून बसला. पहिला राऊंड पूर्ण त्याचा. मी तेव्हा म्हटलं बघा, शिकला गडी, पायांच्या मधे थांबलाच नाही. दुसऱ्या राऊंडमध्ये पट लागेना, सिल्वा अंगाला हात लावू देईना. आणि मग जाळीजवळ सोनेनने, ज्या माणसाने आयुष्यभर पट आणि टपटप यापलीकडे काही केलं नाही त्याने, गर्रकन गिरकी घेऊन उलट्या हाताचा फटका फिरवला. सिल्वाने डोकं मागे घेतलं, फटका हवेत गेला, आणि त्या झोकात सोनेन तोल जाऊन जाळीला पाठ लावून खाली बसला. बसल्या बसल्या छातीत गुडघा, मग ठोसे, १ मिनिट ५५ सेकंदांवर फाईट बंद.

तो गिरकीचा फटका का मारला यावर मी मित्रांशी इतक्या वेळा भांडलोय की आता कोणी विषय काढला तरी बायको आत निघून जाते.